पहिली ओळ देवाची

इंदूरमध्ये 'नाही' म्हणायची पद्धत नाही. रस्ता विचारा, माहीत नसला तरी माणूस हात करून कुठली तरी दिशा दाखवतोच. शिंप्याला विचारा, ब्लाउज गुरुवारी मिळेल का; त्याच्या टेबलाखाली महिन्याभराचे कपडे पडलेले असतात, तरी तो मान वर न करता म्हणतो, "हो जाएगा." मी याच शहरात वाढले, इथेच शिकले, आणि सॉफ्टवेअर लिहायला लागले तेव्हा माझं सॉफ्टवेअरही तसंच निघालं. कोणी काहीही सांगो, ते हो म्हणायचं. पुढे मी त्याला 'नाही' म्हणायला शिकवलं. नोकरीत बरंच काही केलं, पण गर्व आहे तो या एका गोष्टीचा, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

तुकोगंजमध्ये, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे आम्ही सात माणसं आणि खालून दिवसभर येणारा ड्रिलचा आवाज. आम्ही अंडी उबवायच्या मशीनचा मेंदू बनवतो. दिसायला साधा पांढरा डबा, पुढे दोन ओळींचा छोटा स्क्रीन. ऊब किती ठेवायची, हवेत ओल किती, अंड्यांचे ट्रे किती वेळाने पलटायचे, हे सगळं तो डबा सांभाळतो. कोंबडीला हे कोणी शिकवावं लागत नाही, डब्याला सांगावं लागतं. त्यासाठी आत एक मेमरी कार्ड असतं आणि कार्डावर एक साधी फाईल, एका ओळीत एक सेटिंग. 'तापमान = 37.5', 'नमी = 55' म्हणजे हवेतली ओल, 'पलटना = 60' म्हणजे दर साठ मिनिटांनी ट्रे पलटायचे. ग्राहक कार्ड काढतो, घरच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडतो, हवं ते बदलतो, कार्ड परत डब्यात सरकवतो. कीपॅड लावायचा खर्च वाचतो आणि काकांना समाधान मिळतं.

काका म्हणजे आमचे मालक. त्यांना सगळेच काका म्हणतात, खालचे डेंटिस्टसुद्धा. त्यांच्या घराण्याने चार पिढ्या संस्थानचं दफ्तर सांभाळलं. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, पण एक सवय राहिली. कागद कुठलाही असो, वर मधोमध '॥ श्री ॥' लिहिल्याशिवाय काकांचं पेन पुढे सरकत नाही. किराण्याच्या यादीवर श्री, लाइट गेल्याच्या तक्रारीवर श्री, माझ्या अपॉइंटमेंट लेटरवर श्री. साहजिकच मेमरी कार्डावरच्या फाईलवरही पहिल्या ओळीत श्री.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात काका एका ग्राहकाकडे डबा दाखवायला गेले. फाईल त्यांनी स्वतः लिहिली होती. प्रोग्रामने पहिलीच ओळ वाचली, ती त्याला कळली नाही, आणि तो जागच्या जागी थांबला. हीटर बंद, पंखा बंद, चार लोकांसमोर. काका परत आले ते चेहरा पाडून.

"अगं, देवाचं नाव घेतलं तर बंद पडतं का तुमचं मशीन?" ते म्हणाले.

मी बावीस वर्षांची होते आणि नोकरी टिकवायची होती. पाच मिनिटांत एक ओळ लिहून टाकली: जे कळणार नाही ते सोडून दे आणि पुढे जा. काकांनी कार्ड लावलं, डबा सुरळीत चालू झाला, आणि त्यांनी सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. तेव्हापासून आमचा डबा कधी म्हणून थांबला नाही. काका प्रत्येक नव्या ग्राहकाला कौतुकाने सांगत, "आपला डबा कोणाला ना नाही म्हणत." मीही शेजारी उभी राहून मान हलवायची.

याला सतरा वर्षं झाली, आणि एका मार्चमध्ये शहराबाहेरच्या राऊहून फोन आला.

फोन करणारी ताई पन्नाशीची. वडील रेल्वेत क्लार्क होते म्हणून कुटुंब इकडे आलं आणि इथलंच झालं. तिने वीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, मग नोकरी सोडून कडकनाथ पाळायला घेतल्या. कडकनाथ म्हणजे आमच्या झाबुआकडची काळी कोंबडी: पिसं काळी, तुरा काळा, चोच काळी. पहिल्या कोंबड्या तिने गच्चीवर वाढवल्या, मग घरामागच्या शेडमध्ये आणल्या, आणि पिल्लं काढायला आमचा डबा लावलेलं मशीन घेतलं. पहिली फेरी एकवीस दिवसांची होती. बाविसाव्या दिवशी तिने मला फोन केला आणि म्हणाली, "तू ये आणि बघ. फोनवर नाही सांगणार."

मी स्कूटर काढून गेले. शेडमध्ये फिनाइलचा वास होता. पूर्ण मशीनभर अंड्यांमधून निघाली होती बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं, ती एका खोक्यात दिव्याखाली बसली होती. बाकीची अंडी तिने एकेक करून फोडली होती आणि माझ्यासाठी तशीच ठेवली होती. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती. चोच, नखं, सगळं झालेलं, आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेली. मी बारा तास कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. आपण काम करतो ते कशासाठी, हे मी इतक्या जवळून पूर्वी पाहिलं नव्हतं.

"ट्रे पलटत नव्हते," मी म्हटलं. अंडी वेळेवर पलटली नाहीत तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"पलटत होते ना. मी खुद बघायची. सुबह डावीकडे झुकलेले, शामला उजवीकडे."

मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फाईल नीट होती, वर श्री होतं, तापमान बरोबर, ओल बरोबर. आणि मग ती ओळ: 'पलटना = 1 घंटा'.

"ताई, इथे मिनिटं लिहायची असतात," मी म्हटलं. "मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. फक्त आकडा."

"एका घंट्यात मिनिटं किती असतात, सांगशील?"

"साठ."

"तेच तर लिहिलं मी. तुझ्या डब्याला नसेल समझलं, तर त्याने मला पूछायचं ना! चुप काय बसला?"

मला राग आला. ग्राहकाने मॅन्युअल वाचायचं नाही आणि वर आम्हालाच बोलायचं, हा माझा नेहमीचा ठरलेला राग. मी काहीतरी फटकन बोलले, काय ते आता लिहवत नाही. तिने फोडलेली अंडी बाजूला सरकवली. मग तिने शांतपणे सांगितलं की तिचे यजमान सिमेंटचा धंदा करतात, त्यांना ही शेड पोती ठेवायला हवी आहे, आणि त्यांनी तिला आणखी एकच फेरी दिली आहे. ती फसली तर कोंबड्या विकायच्या आणि शेडमध्ये सिमेंट.

"उन्हाळा लागला की कोंबड्या अंडी कमी देतात," ती म्हणाली. "आजपासून आठ दिवस जमवते. जास्त ठेवली तर अंडी खराब होतात. नवव्या दिवशी लावणार. तोवर तुझा डबा सांग मला, ठीक होतो की नाही."

"हो जाएगा," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

ऑफिसला आले ती तणतणतच. चूक ग्राहकाची आहे हे काकांना दाखवायचं म्हणून प्रोग्राम उघडला. '1 घंटा' आलं की पुढे नेमकं काय होतं ते बोट ठेवून वाचत गेले. ओळ येते. 'पलटना' पुढे नुसता आकडा हवा, आकड्याला शेपूट आहे, म्हणजे ओळ कळली नाही. कळली नाही तर सोडून दे आणि पुढे जा. मग पलटण्याचा वेळ कुठून घ्यायचा? कोणीच सांगितला नाही, म्हणून आधीपासून भरून ठेवलेला आकडा घ्यायचा: सातशे वीस मिनिटं, बारा तास. ऑफिसच्या टेबलावर डबा तपासताना मोटर उगाच झिजू नये म्हणून कोणीतरी बारा तास ठेवले होते. कोणीतरी म्हणजे मीच. सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. दिवसातून चोवीस वेळा पलटायची ती अंडी दोनदा पलटली.

आणि 'सोडून दे आणि पुढे जा' या ओळीच्या शेजारी, बावीस वर्षांच्या मुलीने मोठ्या हौसेने टीप लिहून ठेवली होती: 'काकांच्या श्रीसाठी'.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. ग्राहक चुकली नव्हती. तिने एक तास सांगितला होता, आणि माझ्या प्रोग्रामने ते न ऐकताच मान डोलावली होती. मला लाज वाटली, आणि थोडी भीतीही, कारण हा डबा काही एका शेडमध्ये नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा राऊला गेले आणि ताईला सगळं सांगितलं. ती ओळ माझी, ते बारा तासही माझे, कालचं बोलणंसुद्धा माझंच चुकलं. ती अंडी पुसत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता बसू नको इथे. जा, काम कर."

काम सांगायला सोपं होतं. फाईलमधल्या प्रत्येक आकड्याचा एक ठरलेला प्रकार असतो. इंग्रजीत टाइप म्हणतात. मराठीत त्याला 'जात' म्हणावं तर भलतीकडेच गाडी जाते, म्हणून मी प्रकार म्हणते. तापमान म्हणजे दशांश असलेली संख्या. पलटण्याचा वेळ म्हणजे मिनिटांची पूर्ण संख्या. अलार्म म्हणजे हां किंवा नहीं, तिसरं काही नाही. प्रकार बरोबर असून भागत नाही, आकडा शहाणासुद्धा असावा लागतो: कोणी 'पलटना = 1' लिहिलं तर ती संख्याच आहे, पण ट्रे मिनिटामिनिटाला उलटेसुलटे होऊन मोटर जळेल. म्हणून प्रत्येकाला खालची आणि वरची हद्द. डब्याने फाईल आत घेण्याआधी दारातच हे सगळं तपासायचं, आणि जे बसत नाही त्याला स्पष्ट 'नाही' म्हणायचं.

काकांना हे पटेना.

"म्हणजे डबा थांबणार?" त्यांनी विचारलं. "अगं, थांबला की अंडी ठंडी पडतात. तू विसरली असशील, मी नाही विसरलो. चार लोकांसमोर बंद पडला होता. ग्राहकाला ना म्हणायचं, हे आपल्यात नाही."

"काका, तो हो म्हणून फसवतो आहे लोकांना."

"आणि श्री? श्रीलाही ना म्हणणार का तुझा नवा प्रोग्राम?"

म्हणणार होताच. 'श्री' हा काही तापमानाचा प्रकार नव्हे.

काका हट्टी आहेत, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला. थांबलेला डबासुद्धा पिल्लं मारतोच. दोन दिवस मी त्याच जागी अडकून पडले. तिसऱ्या दिवशी घरी कुकर फसला, भात करपला, आणि कोणी उपाशी राहिलं नाही, कारण कालच्या पोळ्या होत्या. मी पोळी खातानाच उठले. नवी फाईल चुकीची असेल तर डब्याने ती नाकारायची आणि शेवटची बरोबर असलेली फाईल चालू ठेवायची. हीटर चालू, पंखा चालू, ट्रे चालू. फक्त बीप करून सांगायचं, की बाई, तुझं नवं म्हणणं मी घेतलेलं नाही, हे हे चुकलंय. आणि डबा अगदी नवा असेल, जुनी फाईल नसेलच, तर अंडीही अजून आत गेलेली नसतात. तेव्हा हट्टाने थांबलं तरी कोणाचं बिघडत नाही.

मग नाकारायचं कसं, यावर मी प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ घालवला. 'एरर 14' असलं काही नको. ताईच्या शब्दांत सांगायचं तर, त्याने विचारायला हवं. स्क्रीन दोन ओळींचा. तुम्ही काय लिहिलंत ते वरच्या ओळीत, काय हवंय ते खालच्या ओळीत, उदाहरणासकट: 'पलटना: 1 घंटा? / सिर्फ मिनट, जैसे 60'. चुका चार असतील तर चारही एका दमात सांगायच्या. एक दुरुस्त केली की दुसरी काढायची, हा सरकारी खिडकीचा प्रकार मला नको होता. आणि सगळी यादी कार्डावरसुद्धा लिहून ठेवायची, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसल्यावर आठवत बसायला नको.

हे सगळं झालं तरी काका 'बघू' म्हणत होते. सहाव्या दिवशी मी कपाटावरचा शेवेचा जुना डबा खाली काढला. दुरुस्तीला आलेल्या मशीनची कार्डं आम्ही त्यात टाकून ठेवत असू, वर्षानुवर्षांची. म्हटलं, हाताच्या कांकणाला आरसा कशाला. काकांना शेजारी बसवलं आणि एकेक कार्ड नव्या प्रोग्रामला वाचायला दिलं.

पहिलं कार्ड ठीक निघालं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यात कोणीतरी ओल '60-65' लिहिली होती. जुन्या प्रोग्रामने ओळ सोडून दिली असणार. तिसऱ्यात '37,5', मधे टिंबाऐवजी स्वल्पविराम. एकात अलार्मसमोर 'रात में हां'. एकात शून्याच्या जागी इंग्रजी ओ. एका सरळमार्गी माणसाने 'पलटना = जरूर' असं लिहिलं होतं. लोकांनी किती मनापासून लिहिलं होतं, आणि डब्याने प्रत्येकाला हो म्हणून आपलं तेच चालवलं होतं. काका चष्मा लावून प्रत्येक कार्डाचा नंबर बघत होते. कुठलं कुणाचं, त्यांना पाठ होतं.

"हा धारवाला," ते एका कार्डावर म्हणाले. "दोन बार तक्रार केली होती याने. मी म्हटलं, अंडी खराब असतील तुमची." थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून ठेवला. "फोन करावा लागेल सगळ्यांना."

"करू," मी म्हटलं.

"मी करतो. मी विकलेत." मग लहान आवाजात, "श्रीचं तेवढं बघ बेटा."

ते मी आधीच बघून ठेवलं होतं. शेवेच्या डब्यातल्या त्या कार्डांनीच मला शिकवलं होतं. काकांच्या माहितीपत्रकात फाईलच्या नमुन्यावर श्री छापलेलं, त्यामुळे लोकांनाही वाटायचं की पहिली ओळ आपल्या देवाची. कोणी 'जय महाकाल' लिहिलं होतं, कोणी 786, कोणी आईचं नाव. त्यातलं काहीही पुसायची मला इच्छा नव्हती आणि हिंमतही नव्हती. म्हणून नियम केला: पहिली ओळ देवाची, तिथे कोणी काहीही लिहो, डबा ती वाचणारसुद्धा नाही. दुसऱ्या ओळीपासून मात्र माझं राज्य. दुसऱ्या ओळीपासून देव आला तरी त्याला मिनिटं पूर्ण संख्येतच लिहावी लागतील.

काकांना हे ऐकवलं तेव्हा ते इतके हसले की खालचे डेंटिस्ट जिना चढून बघायला आले.

नवव्या दिवशी सकाळी काका आणि मी राऊला पोचलो. ताईने अंडी ट्रेमध्ये टोकदार बाजू खाली करून लावून ठेवली होती. तिचे यजमान दाराशी खुर्ची टाकून बसले होते. चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता, पण नजर शेडच्या भिंती मापत होती. किती पोती बसतील, हा हिशोब मला लांबूनही दिसत होता.

मी डब्यात नवा प्रोग्राम भरला आणि ताईला फाईल कोरी दिली. म्हटलं, तू लिही, मी सांगणार नाही. ती लिहायला बसली आणि काका सवयीने तिच्या मागे उभे राहून सांगायला लागले. वर श्री. तापमान साडेसदतीस. ओलीच्या आकड्याशी ती थबकली, जनावरांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते तिने लिहिलं. पलटना 60, हे मात्र तिने एकेक अक्षर ठसवून लिहिलं. शेवटची ओळ 'बंद दिन', म्हणजे ट्रे पलटणं कितव्या दिवशी थांबवायचं. पिल्लू बाहेर यायच्या तीन दिवस आधी अंडी स्थिर ठेवावी लागतात.

"अठराव्या दिवशी," काका म्हणाले. "लिहा, अठरावां दिन."

तिने लिहिलं. कार्ड डब्यात गेलं. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत होतो, यजमानसुद्धा उठून आले.

बीप. 'नमी: 55-60? / एक ही संख्या, जैसे 55'. आणि लगेच पाठोपाठ, 'बंद दिन: 18वां दिन? / सिर्फ संख्या, जैसे 18'.

मग ताई गर्रकन माझ्याकडे वळली. "पूछलं!" ती म्हणाली. "बघ, पूछलं त्याने!"

जुना डबा असता तर ओल त्याच्या मनाने ठेवली असती आणि ट्रे शेवटच्या दिवसापर्यंत हलवत राहिला असता, अगदी पिल्लं कवच फोडत असताना. दोन्ही चुका कोणाला कधी कळल्याही नसत्या. आणि त्यातली एक काकांची होती, सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांची.

मला वाटलं काकांना राग येईल. ते स्क्रीनजवळ वाकले, पुन्हा वाचलं, आणि यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देखा भिया? मालकालाही नहीं छोडा!" इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून आलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. ताईने दोन ओळी दुरुस्त केल्या, कार्ड पुन्हा लावलं, स्क्रीनवर 'सब ठीक' आलं, आणि ट्रे आत गेले.

पुढचे एकवीस दिवस मी नीट जेवले नाही. प्रोग्राम बरोबर होता, मला माहीत होतं, दर दोन दिवसांनी ताईही फोनवर सांगायची की ट्रे तासातासाला हलतात, ती घड्याळ लावून बघते. पण अंडी ही अंडी. काका रोज फोनवर बसलेले असायचे, कार्डांचे नंबर समोर ठेवून. एकेका ग्राहकाला सांगायचे, "आमची चूक होती, नवं कार्ड पाठवतो." रोज दुपारी कुठेतरी जाऊन यायचे, विचारलं तर सांगायचे नाहीत.

एकविसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. ताई बोलत नव्हती. तिने फोन मशीनच्या काचेला लावून धरला होता. एकदोन नाही, बाजार भरल्यासारखा चिवचिवाट होता. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले, आणि मग हसत सुटले, आणि चहा उतू गेला.

आम्ही पोचलो तोवर ट्रे काळेभोर झाले होते. पाठीवर पुसट पट्टे असलेली ओली, धडपडती पिल्लं एकमेकांच्या अंगावरून चालत होती. काही अंडी राहिली होती, तेवढी राहतातच. ताई वाळलेली पिल्लं खोक्यात भरत होती, आणि खोकं धरून उभे होते तिचे यजमान. खोकं घरातल्या मिक्सरचं होतं. शेडबद्दल कोणी काही विचारलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "पोत्यांचं क्या है, बाहेर तिरपाल टाकून पण राहतात."

परतताना काकांनी रिक्षा खजरान्याच्या गणपतीकडे वळवायला लावली. तिथे मंदिराच्या मागच्या भिंतीवर लोक नवस बोलताना उलटं स्वस्तिक काढतात आणि काम झालं की येऊन सरळ काढतात. काकांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली.

"उलटं कधी काढलंत?" मी विचारलं.

"तू कार्डं दाखवली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले. "मग रोज येऊन बघून जायचो, आहे ना जागेवर."

त्यांनी सरळ स्वस्तिक काढलं, मागे सरून नीट आहे ना ते दोनदा तपासलं. तपासायची सवय त्यांना आता लागलीच होती.

महिन्याभराने ताईच्या मशीनचा एक पंखा बदलायला आला, बरोबर तिचं कार्डही होतं. फाईल नवी, तिसऱ्या फेरीची. मी उघडली. दुसऱ्या ओळीपासून सगळं चोख: संख्या तिथे संख्या, मिनिटं तिथे मिनिटं. पहिल्या ओळीत, देवाच्या जागी, तिने लिहिलं होतं: '॥ श्री ॥ आणि तुकोगंजची ती तापट बाई'.

डब्याने ती ओळ तपासली नव्हती. मीही नाही तपासली. तशीच ठेवून कार्ड परत पाठवून दिलं.